मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर, रेंजवर आणि कमरेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीच्या मोंढ्यात माझी आडत आहे. हंगामात रोख घेऊन फिरावं लागतं म्हणून सतरा वर्षांपूर्वी .३२ बोअरचं लायसन काढलं, आणि ते चालवायला शिकता शिकता नेमबाजीचं वेड लागलं. तेव्हापासून गंगाखेड, जिंतूर, सेलू, पार लातूर-बीडकडूनही लोक विचारायला येतात. प्रश्न तेच तेच असतात. काही जण चुकीची उत्तरं ऐकून आलेले असतात आणि त्यापायी लाखभर रुपये अडकवून बसलेले असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

मोठा बोअर म्हणजे नेमका केवढा?

बोअरचा आकडा म्हणजे ढोबळमानानं गोळीची जाडी, इंचात. आपल्याकडे लायसनवर सगळ्यात जास्त दिसतो तो .३२. त्याच्या वर .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट. यांना लोक मोठा बोअर म्हणतात. आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्या गोळीची जाडी एकच आहे, आणि .४४ ची गोळी मोजली तर .४२९ इंच भरते. जुन्या काळात पडलेली नावं तशीच चालत आली.

खरा फरक जोरात आहे. .३२ लाँगची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर, सेकंदाला दोनशे मीटरपेक्षा थोडी जास्त जाते. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची आणि वेग दुप्पट. ऊर्जा काढली तर .३२ ची दीडशे ज्यूल, .३५७ ची सातशेच्या आसपास, .४४ ची चौदाशेच्या घरात. हाताला बसणारा धक्का गोळीचं वजन गुणिले वेग असा धरला, तर .४४ चा धक्का .३२ च्या जवळपास पाचपट होतो. दुकानात रिव्हॉल्व्हर हातात घेऊन 'काय वजनदार आहे' म्हणताना हा पाचपट कुणाच्या डोक्यात नसतो.

आपल्याकडे असं रिव्हॉल्व्हर मिळतं का?

नवं, कारखान्यातून आलेलं, जवळपास नाहीच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना त्यांच्या प्रकाराचं शस्त्र परवानगीनं आणता येतं, तो रस्ता वेगळा. बाकी जे फिरतं ते त्याआधी आलेलं, हात बदलत बदलत चाललेलं. एखादं जुनं .३५७ विक्रीला निघालं की त्याची किंमत ऐकून चांगला ट्रॅक्टर आठवतो.

शिवाय कायद्याची रेघ आहे. आर्म्स रूल्स २०१६ च्या यादीत, ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चं रिमवालं (बुडाला कड असलेलं) काडतूस बसतं आणि उडतं, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. तुमच्या आमच्या जिल्ह्याच्या लायसनवर ते येत नाही. .३५७ आणि .४४ मॅग्नम त्या ओळीत नाहीत. पण शस्त्र कायद्यात बसलं तरी काडतूस मिळायला हवं, आणि इथे गाडं अडतं. बाहेरून आलेलं जुनं काडतूस दुर्मिळ आणि महाग. वर्षाकाठी बारा गोळ्या मारून कुणाचा हात तयार होत नाही.

मग मराठवाड्यातल्या माणसानं घ्यावं काय?

.३२. माझं हे मत ऐकून पोरं नाराज होतात, तरी ते बदलत नाही.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर साधारण सातशे ग्रॅमचं, तीन इंची नळीचं, सहा गोळ्यांचं. ते जुन्या वेब्लीच्या घडणीवरून आलं. २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं, पाचशे ग्रॅमचं, महिलांसाठी म्हणून गाजवलेलं. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं. त्याचा सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरणारं चाक, बाजूला उघडतो. जुन्या घडणीत रिव्हॉल्व्हर मधून मोडून भरावं लागतं. मला विचाराल तर लांब नळी घ्या. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या निशाणीतलं अंतर वाढतं, नेमातली चूक लगेच दिसते. वेब्ली अँड स्कॉटचं .३२ सुद्धा आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिल्याला बनतं.

हलकं ते चांगलं, असं सगळे म्हणतात. कमरेला लावायला हलकं बरं, हे खरं. पण शस्त्र जितकं हलकं तितका त्याच काडतुसाचा धक्का जास्त. निर्भीक तळहातावर ठेवून खूश झालेल्या माणसाला मी आधी रेंजवर बारा गोळ्या मारायला सांगतो.

मोठ्या बोअरमध्ये मजा तरी काय आहे?

खूप आहे, आणि ती लपवायची गरज नाही.

मुलगी टेक्ससला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावयानं रेंजवर नेलं. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे शस्त्र हातात घ्यायला एरवी मनाई असते. शिकारीचा परवाना असेल तर चालतं. म्हणून आधी तो परवाना काढला. रेंजच्या माणसानं स्मिथ अँड वेसनचं सहा इंची नळीचं .४४ काढून ठेवलं. हे काडतूस १९५५ मध्ये याच कंपनीनं आणि रेमिंग्टननं मिळून बाजारात आणलं. रेंजच्या त्या माणसानं पहिल्यांदा सहाच्या सहा भरू दिल्या नाहीत, एकच भरली. कारण विचारलं तर म्हणाला, नवख्या माणसाचा हात धक्क्यानं वर जातो, बोट घाबरून पुन्हा आवळतं आणि दुसरी गोळी छतात जाते.

घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) मागे ओढला. चाप जेमतेम दाबला असेल, तोवर नळी कपाळाच्या उंचीला आलेली. आवाज कानानं कमी आणि छातीनं जास्त ऐकला. तळहाताच्या अंगठ्याखालच्या मांसल भागात मुंग्या आल्या त्या रात्री जेवताना गेल्या. पंचवीस यार्डांवरच्या कागदात मात्र काळ्या गोलाच्या अगदी कडेला एक भोक होतं, बोट आत जाईल एवढं. त्यानंतर त्यानं .४४ स्पेशल दिलं. तेच रिव्हॉल्व्हर, पण १९०७ सालचं मऊ, कमी जोराचं काडतूस. त्यानं मी तासभर मारलं, आणि खरं सुख त्यात मिळालं. जड लोखंड, हळू वर येणारी नळी, बैल संथपणे मान हलवतो तशी.

तुमची लेकरं परदेशात असतील, तिथे कायदेशीरपणे संधी मिळाली, तर हेच करा. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचंच मऊ भावंड भरा: .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल, .३५७ मध्ये .३८ स्पेशल. उलटं होत नाही. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती स्पेशलच्या सिलिंडरमध्ये बसत नाही. पन्नास गोळ्या स्पेशलच्या, शेवटी सहा मॅग्नमच्या. एवढ्यात हौस फिटते आणि हातही बिघडत नाही.

धक्का सोसायचा कसा?

मूठ वरपर्यंत पकडा. तळहात आणि मुठीची मागची कड यांच्यात फट राहिली की धक्क्याला तिथे जागा मिळते. कोपर किंचित सैल ठेवा. हात कडक ताणून ठेवाल तर सगळा मार मनगटावर येतो. मूठ रबराची असेल तर उत्तम. जुन्या लाकडी मुठी दिसायला सुंदर, पण मोठ्या बोअरला अंगठ्याची कातडी सोलून काढतात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाचा हात धरून दाखवतो. सिलिंडर आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असते. गोळी सुटली की त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फेकले जातात. दुसऱ्या हाताचा अंगठा चुकूनही तिथे जायला नको. .३२ मध्ये चटका बसेल; .४४ मध्ये मांस फाटतं. पिस्तूल चालवून आलेल्यांना अंगठा पुढे ठेवायची सवय असते, त्यांनी जास्त जपावं. फटीच्या बाजूला स्टँडवर पांढरा कागद चिकटवून (हात लांब ठेवून) एक गोळी मारून बघा. कागदावर जी काळी चिरफाड उमटते ती बघितल्यावर पुन्हा सांगावं लागत नाही.

माझ्या गोळ्या नेहमी खाली जातात. निशाणी चुकलीय का?

शंभरातल्या नव्वदांची निशाणी बरोबर असते. आवाज होणार हे मनाला ठाऊक असतं, म्हणून चाप सुटायच्या क्षणी मनगट आपोआप खाली दबतं. स्वतःला ते कळत नाही, हीच अडचण.

रिव्हॉल्व्हरमध्ये यावर फार चांगला उपाय आहे. सोबत्याला सांगा की सिलिंडरमध्ये तीन खरी आणि तीन डमी काडतुसं मिसळून भर, मला दाखवू नको. डमीवर घोडा पडेल तेव्हा 'टक' होईल आणि नळी खाली डुबकी मारताना तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी दिसेल. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा पुढची निशाणी गव्हाच्या ओंबीसारखी डुलली होती. सहा महिने घरी रिकाम्या शस्त्रावर सराव केला, तेव्हा कुठे ती जागेवर राहायला लागली. रोज दहा मिनिटं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. समोर पक्की भिंत. आपल्या कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न ओढता दाबायला बराच जड जातो, त्यामुळे बोटाची ताकदही यातूनच येते.

पिस्तूल का नको?

नको असं नाही. माझी निवड रिव्हॉल्व्हर, कारण काडतूस उडालं नाही तर चाप पुन्हा दाबला की पुढचं समोर येतं, आणि भरलंय की रिकामं हे सिलिंडर उघडलं की सहा भोकांत दिसतं. ही सोय सवयीच्या माणसाला छोटी वाटेल. पण लायसनधारकांतले बरेच जण वर्षातून चारदाही शस्त्र हातात घेत नाहीत. त्यांच्यासाठी ती फार मोठी आहे.

रेंजवर सराव करताना मात्र काडतूस उडालं नाही तर घाई नको. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी ते उशिरा पेटतं. आणि नेहमीपेक्षा बारीक, फुसका आवाज आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुटते. सिलिंडर रिकामा करा, नळीतून उजेड दिसतो का पाहा, मगच पुढचं.

जुनं रिव्हॉल्व्हर घेताना काय तपासावं?

आधी कागद. लायसनवरचा आणि शस्त्रावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मग शस्त्र रिकामं आहे याची दोनदा खात्री करा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत सिलिंडर 'कट्' करून बसला पाहिजे. तो नंतर बसत असेल, किंवा बोटानं थोडा ढकलल्यावर बसत असेल, तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ जात नाही आणि फटीतून शिसं उडतं. सिलिंडरच्या सहाही घरांना ही तपासणी करा. पाच बरोबर आणि एक ढिलं असं मी दोनदा पाहिलंय. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा. नळीत उजेडाकडे धरून पाहा: खड्डे, फुगवटा, गंजाचे ठिपके.

मी स्वतः यात फसलोय. पहिलं रिव्हॉल्व्हर एका ओळखीच्या माणसाकडून रीतसर घेतलं. बाहेरून नवं कोरं, चकचकीत. मुठीची फळी काढून पाहिली नाही. पहिल्या पावसाळ्यात घोडा अडकायला लागला, उघडून बघतो तर आतली स्प्रिंग गंजून अर्धी झालेली. वरचा रंग नुसता पुन्हा चढवलेला होता.

लायसनसाठी कुठे जायचं?

जिल्हाधिकारी कार्यालय, छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय. वय २१ पूर्ण हवं. फॉर्म ए-१ भरायचा, त्यावर तुमच्या ठाण्याचा अहवाल जातो, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म एस-१, जोडायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसनची मुदत पाच वर्षांची झाली. काडतुसं किती घेता येतील हे लायसनवरच लिहिलेलं असतं.

'जिवाला धोका' असं अर्जात लिहिताना खरं तेच लिहा. बीड जिल्ह्यात अलीकडे शस्त्र परवान्यांचा आढावा झाला आणि अनेक परवाने रद्द झाले, ते सगळ्यांनी पाहिलंय. गुन्हे दाखल असलेल्या पुढाऱ्यामागे फिरायला घेतलेलं लायसन टिकत नाही, आणि टिकूही नये. त्यापायी खऱ्या गरजवंताची फाईल मागे पडते.

कमरेला लावायचं कसं?

झाकून. रूल्समधल्या नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये, अंगाला नीट बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे. शर्ट खोचून मूठ दाखवत हॉटेलात बसणं हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यात लायसन जाऊ शकतं.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारा घ्या. नुसतं पँटीत खोचू नका. दुचाकीवर खड्ड्यातून जाताना ते घसरतं, माणूस पडता पडता धरायला जातो आणि बोट नको तिथे पडतं. चांगला रुंद चामडी पट्टा शिवून घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. घामानं उजव्या बाजूचं लोखंड आठवडाभरात लालसर होतं, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायचं.

मोठ्या बोअरचं सव्वा किलोचं धूड कमरेला लावून उन्हाळ्यात मोंढा फिरायचा विचार असेल, तर आधी तेवढ्या वजनाचा दगड चार दिवस बांधून बघा.

हळदीला, वरातीत एखादा बार काढला तर?

नाही. उत्साहात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचं सोडा. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, आणि मांडवात गच्चीवर बायका-लेकरं बसलेली असतात. ज्या लग्नात असा बार निघाला तिथून मी न जेवता उठून आलोय, नात्यातलं लग्न असूनही.

रानडुकरं पिकात येतात, रिव्हॉल्व्हर चालेल का?

चालणार नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि रात्री हरभऱ्यात पळणाऱ्या डुकराला रिव्हॉल्व्हरनं मारायला जाणारा माणूस शेजारच्या आखाड्यावर झोपलेल्या सालगड्याला मारून बसेल.

घरात कुठे ठेवायचं?

भिंतीत बोल्ट मारलेल्या लोखंडी पेटीत, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली नाही, धान्याच्या कोठीत नाही, देवघराच्या कपाटात तर नाहीच. सणासुदीला ते दहा जण उघडतात.

इथे एक जड गोष्ट लिहितो. आपल्या भागानं दुष्काळात आणि कर्जात किती माणसं गमावलीत, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. घरातलं कुणी गप्प गप्प राहायला लागलं, जेवण सुटलं, निरवानिरवीचं बोलायला लागलं, तर त्याच दिवशी शस्त्र घराबाहेर काढा. पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या विक्रेत्याकडे ते कायदेशीरपणे जमा ठेवता येतं, पावती मिळते, नंतर परत मिळतं. कारण सांगायची लाज वाटून घेऊ नका. त्या माणसापाशी बसा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन लावा. मराठीतही बोलता येतं. माझ्या एका मित्राच्या घरी हे वेळेवर झालं. तो आज रब्बीच्या पेरणीचं बोलतो.

निवडणुकीत जमा करावंच लागतं का?

आचारसंहिता लागली की छाननी समिती कुणाचं जमा करायचं ते ठरवते. नोटीस आली तर मुदतीत जमा करा आणि पावतीवर शस्त्राचा नंबर नीट तपासा. जमा करण्याआधी तेल लावून द्या. ठाण्याच्या कोठडीत ते दोन महिने गोणपाटात पडून राहतं.

आजोबांचं .४५५ वेब्ली माळ्यावर सापडलंय. काय करू?

निजामाच्या काळातल्या देशमुखी घरांत असं अजूनही निघतं. त्याला तेल लावत, फोटो काढत बसू नका. .४५५ निषिद्ध बोअर आहे आणि लायसनधारक गेल्यावर ते घरात नुसतं राहणंच गुन्हा ठरू शकतं. वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात लेखी कळवून जमा करा, मग वारसा हक्कानं अर्ज करता येतो का ते पाहा. निषिद्ध बोअरची परवानगी केंद्रीय गृहखात्याच्या हातात असते.

साध्या बोअरचं असेल तर सोपं आहे. लायसनधारक वारला, किंवा सत्तरी ओलांडली, किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगून झाली, की वारसाच्या नावावर करायची तरतूद नियम २५ मध्ये आहे.

गोळी कधी चालवता येते?

भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. धोका त्या क्षणी खरा आणि समोर असला पाहिजे, आणि गरजेपेक्षा जास्त बळ नको. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी यात बसत नाही. सतरा वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नाही, आणि ती येऊ नये म्हणून मी रोख नेण्याची वेळ आणि रस्ता बदलत राहतो.

सराव आणि स्पर्धा कुठे?

पुण्याला बालेवाडी, मुंबईला वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन. जाण्याआधी तुमचं लायसन जिल्ह्यापुरतं आहे की राज्यभराचं, हे वाचा. परभणीपुरत्या लायसनवर शस्त्र घेऊन पुण्याला जाता येत नाही.

.३२ वाल्यांनी सेंटर फायर हा प्रकार जरूर बघावा. २५ मीटर, साठ गोळ्या: तीस सावकाश, तीस झटपट. झटपट भागात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद तोंड फिरवतं. बोअर .३० ते .३८ चालतो, आणि .३२ लाँगची सपाट तोंडाची गोळी जगभरातले नेमबाज यात वापरतात. कागदाला ती पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. याच प्रकारात जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्ण आणलं. आपला बोअर लहान म्हणून खंतावणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा प्रत्येक गोळीला, सोबत उभं राहणाऱ्यालाही. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते ती पहिल्या वर्षी कापूस घालून मारल्याची.

साफसफाई किती वेळा?

मारलं त्याच दिवशी. पितळी ब्रश नळीतून, मग सहाही घरांतून, मग कोरडं फडकं, मग तेलाचा एकच थेंब. जास्त तेल काडतुसाच्या बुडात झिरपतं आणि ते उडत नाही. सिलिंडरच्या तोंडावर काळी वलयं राहतात, ती घासत बसू नका. ती अपायकारक नाहीत, घासून मात्र लोखंड झिजतं. पुंगळ्या मोजून डब्यात ठेवा. बुडावर 'के एफ' दिसलं तर ते काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्याचं. शेवटी हात साबणानं दोनदा धुवा, कारण बोटांना शिसं लागलेलं असतं, आणि धुतल्याशिवाय नातवंडांना उचलू नका.